जुन्या मोटारीच्या इंजिनास थंड हवा

चैत्र-वैशाखात तंजावर येथे दुपारचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते व कित्येक दिवशी त्याहूनही वर चढते. बृहदीश्वर मंदिराच्या अंगणातील दगड अनवाणी पायांना सोसवत नाही. अशा वेळी मंदिराबाहेर कडुनिंबाच्या सावलीत एखादी जुनी पेट्रोलवरील ॲम्बॅसडर उभी असते. तिचा चालक बॉनेट उघडून इंजिन निवण्याची वाट पाहत असतो. सकाळी हीच मोटार हलकी चालते. दुपारी मात्र ती जड होते, चढावर धाप टाकते आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून ठोक्यांचा आवाज येतो.

अशा चालकास सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी सांगतो, हवागाळणी काढून टाक, इंजिन मोकळा श्वास घेईल. कोणी म्हणतो, पुढे रस्त्याजवळ नळी सोड, म्हणजे वारा आपोआप आत कोंबला जाईल. या दोन्ही सल्ल्यांनी इंजिनाचा नाश होऊ शकतो. ॲम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. प्रवासी नेऊन घर चालविणाऱ्या माणसाचे इंजिन गेले, तर नवे मिळणे सोपे नाही. तथापि या सल्ल्यांच्या मुळाशी एक खरा विचार आहे. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची थंड हवा इंजिनास दिली असता त्याची शक्ती काही अंशी वाढते. ती किती वाढते, का वाढते, आणि घरच्या घरी ही सोय सुरक्षितपणे कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे. येथील विवेचन कार्बुरेटर असलेल्या पेट्रोल इंजिनापुरते आहे. डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. तापमानाचे सर्व अंश सेल्सिअसचे समजावेत.

इंजिन किती हवा घेते?

पेट्रोल जाळणारे यंत्र असे आपण इंजिनास म्हणतो. पण वजनाने पाहता ते पेट्रोलपेक्षा हवाच अधिक खाते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. चुलीत लाकडे कितीही कोंबली तरी फुंकणीचा वारा कमी पडल्यास जाळ होत नाही, नुसता धूर होतो. त्याचप्रमाणे इंजिनाची शक्ती किती, हे सिलिंडरात किती वजनाची हवा शिरली यावर ठरते. पेट्रोल हवे तेवढे देता येते; हवा मात्र इंजिनास स्वतःच ओढून घ्यावी लागते.

ॲम्बॅसडरच्या अनेक वर्षे प्रचारात असलेल्या पेट्रोल इंजिनाचे आकारमान १४८९ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड लिटर आहे. चार आघातांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो. मिनिटास ४००० फेरे होत असता हे इंजिन मिनिटात २००० वेळा दीड लिटर हवा ओढू पाहते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ते शेकडा ८० भरतात असे धरले तर मिनिटास सुमारे २४०० लिटर, म्हणजे सेकंदास ४० लिटर हवा आत जाते. दहा लिटरांच्या चार कळशा प्रत्येक सेकंदाला रित्या होतात, अशी कल्पना वाचकांनी करावी.

तापलेल्या हवेने काय होते?

हवा तापली की प्रसरण पावते. तेवढ्याच जागेत मग वजनाने कमी हवा मावते. हा हिशेब करताना तापमान शून्याखाली २७३ अंशांपासून मोजावे लागते. त्यास निरपेक्ष तापमान म्हणतात. बाहेरची हवा ३७ अंशांवर असेल तर तिचे निरपेक्ष तापमान ३१० होते. बॉनेटखाली, गाळणीच्या तोंडाशी, हवा ६७ अंशांवर आहे असे समजू; तिचे निरपेक्ष तापमान ३४०. पहिल्या हवेचा एक घनमीटर सुमारे १.१४ किलो भरतो, दुसरीचा सुमारे १.०४ किलो. म्हणजे गरम हवा ओढणारे इंजिन प्रत्येक श्वासात शेकडा ९ इतकी हवा गमावते.

म्हणून शक्तीही तेवढीच वाढेल असे मात्र नाही. बाहेरून थंड आलेली हवा इंजिनाच्या तापलेल्या वाटेने सिलिंडराकडे जाताना अधिक उष्णता शोषून घेते. गरम आलेली हवा तितकी घेत नाही. परिणामी आरंभीचा फरक वाटेत अंशतः पुसला जातो. इंजिनांच्या कसोट्यांत शक्ती ही निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात धरण्याचा प्रघात आहे. त्या नियमाने ३४० व ३१० यांतील फरक शेकडा ५ हून किंचित कमी भरतो. पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनास फार तर अडीच अश्वशक्तीचा लाभ होईल. हा लाभ लहान आहे, परंतु खोटा नाही.

दुसरा लाभ कित्येकदा पहिल्याहून मोलाचा ठरतो. सिलिंडरात मिश्रण दाबले जाते तेव्हा ते तापते, आणि आरंभी ते जितके गरम तितके अखेरीस फार अधिक गरम होते. सात-साडेसात पट दाब देणाऱ्या जुन्या इंजिनात निरपेक्ष तापमान सुमारे १.८ पट होते असे धरता येते. म्हणजे आरंभीचा ३० अंशांचा फरक दाबाच्या शेवटी ५४ अंशांचा होतो. मिश्रण फार तापले की त्याचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेटतो. हाच तो ठोका. गॅरेजमध्ये यास नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टन व बेअरिंगे यांस हादरे बसतात. थंड हवा दिल्यास ठोका कमी होतो, आणि वैशाखातील दुपारी जुन्या इंजिनाच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट होय.

या उपायाने काय होत नाही, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पेट्रोलची बचत होईल अशी आशा धरू नये. शक्तीचा लाभ ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच मिळतो; सावकाश जाताना चालक हवेची झडप अर्धवट मिटूनच ठेवतो, तेव्हा आत येणारी हवा दाट असली तर तो ती झडप आणखी थोडी मिटतो, इतकेच. तसेच पेट्रोल नळीतच उकळून बुडबुडे धरल्यामुळे मोटार बंद पडत असेल, तर त्यावर थंड हवा हे औषध नव्हे. त्यासाठी पेट्रोलची नळी उष्णतेपासून दूर घ्यावी लागते आणि कार्बुरेटरच्या खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करावा लागतो.

मूळ रचना अशी का केली?

निर्मात्यास ही साधी गोष्ट कळली नव्हती काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. ॲम्बॅसडरचा मूळ नमुना इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड हा होय. तिच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात हवा आत येण्याची वाट आणि जळलेला धूर बाहेर जाण्याची वाट एकाच बाजूस आहेत. त्यामुळे कार्बुरेटर धुराच्या तापलेल्या नळ्यांच्या अगदी जवळ बसतो. ज्या देशात ही रचना झाली तेथे तिचा उपयोग होता. पेट्रोलची वाफ होताना ते सभोवारची उष्णता शोषून घेते. थंड व दमट हवेत त्यामुळे कार्बुरेटरच्या गळ्यात बर्फ धरते आणि इंजिन गुदमरते. शिवाय थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून शीत देशांत कार्बुरेटरला मुद्दाम ऊब दिली जाई.

तंजावरला पौषातील पहाटही वीस अंशांच्या आसपास असते. बर्फाची भीती येथे जवळजवळ नाही. उष्णतेची मात्र वर्षातील बहुतेक महिने आहे. जी सोय एका हवामानात गुण ठरली तीच दुसऱ्या हवामानात उणीव ठरली. निर्मात्याच्या चुकीची दुरुस्ती म्हणून या कामाकडे पाहू नये. यंत्रास आपल्या गावच्या हवेशी जुळवून घेणे एवढाच त्याचा अर्थ आहे. महाबळेश्वरला वा निलगिरीच्या उंच भागात राहणाऱ्या वाचकांनी हिवाळ्यापुरती मूळ रचना परत जोडता येईल अशी व्यवस्था ठेवावी.

वेगाचा वारा आत कोंबला जातो काय?

नळीचे तोंड पुढे करून ठेवले की धावत्या मोटारीचा वारा इंजिनात जोराने शिरेल, ही समजूत फार पसरलेली आहे. तिचा हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब सुमारे १६ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराएवढा असतो. वातावरणाचा दाब दहा मीटरांहून अधिक उंच पाण्याच्या स्तंभाएवढा आहे. म्हणजे कोंबल्या जाणाऱ्या वाऱ्याने होणारी वाढ शेकडा पाव देखील नाही. या क्षुल्लक लाभासाठी नळीचे तोंड पावसाच्या व धुळीच्या थेट वाटेत ठेवणे हा शहाणपणा नव्हे. आपणास हवी ती थंड हवा. जोराची हवा नव्हे.

नळी किती रुंद असावी?

सेकंदास ४० लिटर हवा ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून न्यावयाची तर ती ३२ मीटर वेगाने धावली पाहिजे. ६० मिलिमीटरच्या नळीत हा वेग १४ मीटरांवर येतो आणि ७५ मिलिमीटरच्या नळीत केवळ ९ मीटरांवर. अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४० मिलिमीटरच्या नळीला दोन आखूड वळणे दिली तर मिळालेल्या लाभाचा सुमारे चौथा हिस्सा तिच्या अडथळ्यातच संपतो. ७५ मिलिमीटरच्या नळीत हा तोटा नगण्य असतो. तेव्हा नळी ६० ते ७५ मिलिमीटर व्यासाची घ्यावी, एक मीटरहून लांब करू नये आणि वळणे सावकाश द्यावीत. हवागाळणीच्या मूळ तोंडाहून नळी अरुंद असू नये.

नळी तापलेल्या इंजिनाजवळून जाताना हवा पुन्हा तापणार नाही काय? पूर्ण वेगात हवा एक मीटरची नळी सेकंदाच्या दहाव्या भागात ओलांडते. तेवढ्या वेळात ती फारशी तापत नाही. गर्दीत मोटार खोळंबली असता मात्र हवा नळीत एक-दोन सेकंद रेंगाळते व तापते. म्हणून बाजारपेठेतील चालीत या उपायाचा प्रभाव थोडा आणि मोकळ्या रस्त्यावर अधिक दिसतो.

साहित्य व कृती

सर्वांत महत्त्वाचा नियम प्रथम सांगतो: मूळ हवागाळणी काढावयाची नाही. आपण केवळ तिचे तोंड गरम जागेतून थंड जागेत न्यावयाचे आहे. जुन्या मोटारींत पुष्कळदा तेलाची हवागाळणी असते. ती सरळ उभी ठेवावी आणि तिच्यातील तेल खुणेच्या रेषेपर्यंतच असू द्यावे. कागदी गाळणी असल्यास ती नवी घालूनच कामास आरंभ करावा.

साहित्य थोडे लागते. मालमोटारीच्या हवेसाठी येते तशी, आत तारेचे वेटोळे असलेली जाड रबरी नळी. अथवा जस्ताच्या वा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वळवलेली नळी. जोडांसाठी स्क्रूने आवळण्याच्या क्लिपा, नळी धरून ठेवण्यासाठी पत्र्याच्या दोन पट्ट्या, आणि तोंडावर बसविण्यासाठी साधारण पाच मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी. ज्या जिल्ह्यात स्वामीमलैचे कारागीर आजही मेणाच्या साच्यावरून कांस्यमूर्ती ओततात, तेथे पत्रा सफाईने वळवून देणारा हात मिळणे कठीण नाही.

घरांच्या पन्हाळीस वापरतात तो पीव्हीसीचा पाइप स्वस्त असला तरी घेऊ नये. तो ८० अंशांच्या सुमारास मऊ पडतो आणि धुराच्या नळ्यांजवळ याहून अधिक उष्णता असते. नळीवर काथ्या, गोणपाट वा स्पंज गुंडाळू नये. कार्बुरेटरमधून क्वचित उलट ज्वाळा येते आणि असे पदार्थ पेट घेतात. उष्णतेपासून संरक्षण हवेच असल्यास काचतंतूची पट्टी वापरावी.

आता कृती. इंजिन पूर्ण निवल्यावर बॅटरीची तार सोडवावी. गाळणीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास मोजून त्यावर घट्ट बसेल असा जोड करून घ्यावा. नळीचे दुसरे टोक रेडिएटरच्या मागे कधीही ठेवू नये. तेथे पंखा रेडिएटरमधून तापून आलेली हवाच फेकत असतो. ते रेडिएटरच्या बाजूने पुढे न्यावे आणि समोरच्या जाळीमागे, वरच्या कडेजवळ ठेवावे. तोंड समोर न करता बाजूस व किंचित खाली वळवावे, म्हणजे पावसाचे थेंब सरळ आत येणार नाहीत. जमिनीपासून त्याची उंची किमान ७५ सेंटिमीटर असावी. नळी मध्येच खाली झुकत असेल तर तेथे तळाशी पाच मिलिमीटरचे छिद्र पाडावे. साठलेले पाणी त्यातून गळून जाईल. हे छिद्र गाळणीच्या अलीकडे, म्हणजे न गाळलेल्या हवेच्या बाजूसच असले पाहिजे. गाळणी आणि कार्बुरेटर यांच्यामध्ये सुईच्या अग्राएवढेही भोक राहता कामा नये.

पंखा, त्याचा पट्टा, ॲक्सिलरेटरची दांडी व धुराच्या नळ्या यांच्यापासून नळी दोन बोटांहून अधिक अंतरावर बांधावी. इंजिन झटका खाताना हलते. म्हणून एक टोक इंजिनावर आणि दुसरे मोटारीच्या सांगाड्यावर असलेल्या नळीत रबराचा एक लवचीक तुकडा अवश्य ठेवावा. इंजिनाच्या तेलाच्या वाफा नेणारी बारीक नळी गाळणीस जोडलेली असेल तर ती पूर्ववत जोडावी. या कामासाठी मोटारीच्या पत्र्याला भोक पाडण्याचे कारण नाही. नोंदणीपुस्तकातील तपशील बदलतील असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मना आहेत. ही नळी केव्हाही काढून मोटार मूळ स्थितीत आणता येते. तरीही भाड्याच्या मोटारीच्या मालकाने परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे हे बरे.

मिश्रणाची जुळणी

येथे एक गोष्ट बहुधा विसरली जाते. हवा दाट झाली तरी कार्बुरेटर त्या मानाने पेट्रोल वाढवीत नाही. हवेचे वजन शेकडा ९ ते १० वाढले असता मिश्रण सुमारे शेकडा ५ विरळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. विरळ मिश्रण अधिक तापते. झडपा जळतात आणि जो ठोका टाळावयाचा तोच परत येतो.

आजच्या पेट्रोलमुळे ही काळजी वाढली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलच्या घटनेतच ऑक्सिजन असल्यामुळे त्यास जळण्यास कमी हवा लागते. सबब शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेल्या जुन्या कार्बुरेटरात हे इंधन आधीच विरळ पडते. त्यात दाट हवेची भर पडू देताना सावधपणा हवा. नळी बसविल्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून स्पार्क प्लग काढून पाहावेत. टोकाचा रंग फिकट तपकिरी असल्यास जुळणी ठीक आहे. पांढरट असल्यास मिश्रण विरळ आहे. जाणत्या मेकॅनिककडून जेट जुळवून घ्यावा. काळा व काजळीदार असल्यास पेट्रोल अधिक जात आहे. जुळणीनंतर प्रदूषणाची तपासणी पुन्हा करून घ्यावी. जुन्या रबरी पेट्रोलनळ्याही याच वेळी पाहाव्यात. इथेनॉलने त्या फुगतात व चिरतात.

पाणी आणि धूळ

तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो आणि याच महिन्यांत वादळेही येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलेल्या गज वादळाची आठवण या भागात अजून ताजी आहे. अशा दिवसांत रस्ते कालव्यांसारखे वाहतात. नळीचे तोंड खाली, बंपराच्या मागे सोडले असेल, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते.

त्याचा परिणाम समजण्यास थोडा हिशेब पुरे. या इंजिनाच्या एका सिलिंडराचे आकारमान ३७२ घनसेंटिमीटर आहे. पिस्टन वर पोहोचला असता त्याच्या डोक्यावर उरणारी जागा, साडेसात पट दाब धरल्यास, केवळ ५७ घनसेंटिमीटर असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तंजावरच्या कॉफीच्या पेल्यात अर्ध्याहूनही कमी भरेल इतके पाणी एका सिलिंडरात गेले की वर येणारा पिस्टन त्यावर आदळून थबकतो. फिरते चाक मात्र थांबत नाही, आणि पिस्टनची दांडी वाकते. एका क्षणाच्या या अपघाताची दुरुस्ती कित्येक महिन्यांची कमाई खाते. म्हणून उंचीचा नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये. साठलेल्या पाण्यात मोटार बंद पडल्यास ती लगेच पुन्हा सुरू करू नये. प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे व पाणी बाहेर टाकावे.

धूळ ही दुसरी शत्रू. ती पाण्याप्रमाणे एका क्षणात घात करीत नाही, रोज थोडे मारते. सरासरी सेकंदास १५ लिटर हवा धरली तरी तासाभरात ५४ घनमीटर हवा इंजिनातून जाते. रस्त्यावरील हवेच्या घनमीटरात ५ मिलिग्रॅम धूळ आहे असे समजल्यास शंभर तासांत २७ ग्रॅम धूळ गाळणीशी येते. या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते सिलिंडराच्या बिडाहून कठीण असतात. तेलात मिसळले की त्यांचा खरकागद बनतो. गाळणी काढून टाकणारा चालक आपल्या सिलिंडरांवर हाच कागद दिवसभर घाशीत असतो. भाताच्या सुगीत या भागातील शेतकरी रस्त्यांच्या कडेला भात वाळत घालतात. तेव्हा तूस व भुसा वाऱ्यावर उडतो. तोंडावरील तारेची जाळी याच्यासाठी आहे. सुगीच्या दिवसांत ती दर दोन दिवसांनी झाडावी, आणि गाळणी नेहमीच्या निम्म्या मुदतीत साफ करावी.

मोजून पाहावे

नळी बसली, मोटार सुरू झाली, आणि आवाज थोडा भरदार आला. चालकास वाटते, मोटार पळू लागली. येथेच थांबून स्वतःस विचारावे: हे खरे, की आवाजाने झालेला भास? केलेल्या श्रमांचे फळ दिसावे अशी इच्छा माणसाच्या मनात असतेच, आणि शेकडा ५ चा फरक केवळ अंगास जाणवून निश्चित करता येत नाही.

पहिले मापन तापमानाचे. तारेच्या टोकास संवेदक असलेला सेलवरचा तापमापक घ्यावा. नळी बसविण्यापूर्वीच संवेदक गाळणीच्या तोंडाशी बांधावा, तापमापक आत चालकाजवळ ठेवावा, आणि दुपारच्या वेळी तंजावरहून तिरुवैयारूकडे नेहमीच्या वेगाने जाऊन दर दोन मिनिटांनी आकडा लिहावा. बाहेरच्या सावलीतील तापमानही टिपावे. दोहोंतील फरक दहा अंशांहून कमी निघाला, तर ही नळी करण्याचे श्रम घेऊच नयेत. शक्तीतील लाभ शेकडा दीडच्या आसपास राहील व तो कधी दिसणार नाही. फरक वीस-तीस अंशांचा असेल तरच पुढे जावे. नळी बसवून त्याच वाटेने, त्याच वेळी पुन्हा आकडे घ्यावेत. गाळणीच्या तोंडाचे तापमान बाहेरच्याहून पाच-सहा अंशांपलीकडे जात नसेल तर काम साधले.

दुसरे मापन वेळेचे. त्रिभुज प्रदेश सपाट असल्याने येथे चढ शोधण्याची गरज नाही. मोकळा, सरळ व निर्मनुष्य रस्ता पाहावा. टॉप गिअरमध्ये ताशी ४० वरून ७० किलोमीटर वेग गाठण्यास किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्या सोबत्याने घड्याळावर मोजावे. चालकाने दृष्टी रस्त्यावरच ठेवावी. समजा १५ सेकंद लागले, तर अपेक्षित सुधारणा अर्ध्या-पाऊण सेकंदाचीच आहे. आणि बोटाने घड्याळ दाबण्यातच पाव सेकंदाची चूक होऊ शकते. यास्तव प्रत्येक दिशेने पाच वेळा मोजून सरासरी काढावी. नंतर नळी सोडवून पुन्हा मोजावे, मग जोडून पुन्हा. जोडलेल्या व सोडवलेल्या स्थितीतील आकडे प्रत्येक वेळी वेगळे राहिले तरच सुधारणा खरी मानावी.

या शिस्तीचे उदाहरण शोधण्यास तंजावराबाहेर जावे लागत नाही. येथील मराठी राजे दुसरे सरफोजी, ज्यांची राजवट १७९८ ते १८३२ अशी होती, त्यांच्या काळात उपचार केलेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात टिकून आहेत. त्यांत रोग्यांची हकीकत आहे आणि डोळ्यांची चित्रेही आहेत. रोग्यास बरे वाटते असे म्हणून तेथे कोणी थांबले नाही. जे दिसले ते कागदावर उतरविले. म्हणूनच दोनशे वर्षांनंतर ते वाचणाऱ्यास त्याचा अर्थ लागतो. डोळ्याच्या रोगास जी पद्धत योग्य, ती इंजिनाच्या श्वासासही योग्यच.

सारांश, थंड हवेची नळी जुन्या मोटारीस नवी करीत नाही. ती वैशाखातील दुपारी इंजिनाची गेलेली थोडी शक्ती परत देते व ठोका कमी करते. गाळणी जागेवर, तोंड उंच, जोड घट्ट आणि मिश्रण जुळलेले असेल तरच हा लाभ हाती राहतो. यांपैकी एक जरी चुकले तरी लाभाहून हानी मोठी होते. मंदिराबाहेर कडुनिंबाखाली वाट पाहणाऱ्या त्या चालकाने कामास लागण्यापूर्वी एक तापमापक आणि एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आजचा आकडा लिहावा, आणि नळी करावी की नाही याचा निर्णय त्या आकड्यावर सोपवावा.